मदत हवी आहे: चार बाय दोनच्या प्लायवर लोंढा जंक्शन

मंडळी, मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे: एन स्केल (1:160), काटो युनिट्रॅक (काटो कंपनीचे तयार रूळ). प्लाय 1220 बाय 610 मिमी. बेळगावातल्या घरात कपाटामागे उभा ठेवावा लागतो, म्हणून मोठा होणार नाही. चढही नको, कॅसलरॉकचा 37 ला 1 चढाचा घाट राहू दे तिकडेच!

हवं एवढंच: गोल फेरी, लोंढ्यासारखी क्रॉसिंगची लूप (दुसरी गाडी जाईपर्यंत थांबायची बाजूची लाइन) आणि मिरजेकडची म्हणून एक आंधळी साइडिंग (एका टोकाला बंद असलेली लाइन). इंजिन आणि तीन डबे लूपमध्ये मावले पाहिजेत.

स्कार्मवर (रूळ मांडायचं सॉफ्टवेअर) मांडून बघितलं. 249 मिमी त्रिज्येची वळणं घेतली तर लांब बाजूला सरळ जागा साधारण 650 मिमी उरते. त्यात 4 नंबरचे दोन सांधे (जिथं रूळ दोन वाटांना फुटतो ते तुकडे) आणि त्यांची 481 ची वळणं मिळून 504 मिमी खातात. उरले दीडशे. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याचा) एकच डबा या प्रमाणात 140 मिमी होतो की ओ!

दुसरा पर्याय, लूप टोकाच्या वळणावरूनच फिरवायची: आत 249, बाहेर 282, अंतर बरोबर 33 मिमी. पण मग रूळ प्लायच्या कडेपासून जेमतेम 10 मिमीवर येतो. कडेला पट्टी मारून हे चालतं काय? आणि अशा लूपमध्ये साइडिंगचा सांधा कुठं घालावा?