पुडिका, पुडिकस, पुडिकम: नावाच्या पाटीवर नेमकं काय लिहायचं?

पानवाटा
शाळेच्या बागेतली झाडं आणि शेजारच्या तळ्यावरचे पक्षी यांच्यासाठी शास्त्रीय नावांच्या पाट्या करायच्या आहेत. लाजाळूचं नाव 'मिमोसा पुडिका' आणि पांढऱ्या फुलांच्या चाफ्याचं 'प्लुमेरिया पुडिका', पण या चाफ्याची पानं काही मिटत नाहीत. एका कवकाच्या, म्हणजे बुरशीच्या, नावात 'इम्पुडिकस' सापडलं. मोठा बगळा जुन्या पुस्तकांत 'कास्मेरोडियस आल्बस' आहे, तर नव्या यादीत 'आर्डिया आल्बा मोडेस्टा'. शेवटची अक्षरं का बदलतात? 'पुडिका' आणि 'मोडेस्टा' एकाच अर्थाचे आहेत का? पाट्या एकदाच छापायच्या आहेत, म्हणून आधी विचारून घेतो.

तृणांकुर
आधी शेवटची अक्षरं. लॅटिन विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं, आपल्या काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर यांच्यासारखं. पुल्लिंगी पुडिकस, स्त्रीलिंगी पुडिका, नपुंसकलिंगी पुडिकम. मिमोसा स्त्रीलिंगी, म्हणून पुडिका, म्हणजे शालीन, लाजरी. फॅलस हे कवक पुल्लिंगी, म्हणून इम्पुडिकस, म्हणजे निर्लज्ज. त्याचा आकार पाहिला की नावाचं कारण लगेच कळतं. दोन शब्दी नावांची पद्धत रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस, त्याने ही दोन्ही नावं १७५३ च्या एकाच ग्रंथात दिली आहेत.

नावातला पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), दुसरा जातीचा (स्पीशीज). जाती एका प्रजातीतून वेगळ्या लिंगाच्या प्रजातीत हलवली की विशेषणाचं रूप बदलावंच लागतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात वसंतात एक बुटकी कंदवनस्पती फुलते, पिवळी घंटा मान खाली घालून लटकलेली. तिचं पहिलं नाव होतं लिलियम पुडिकम. फ्रिटिलारियात गेल्यावर ती झाली फ्रिटिलारिया पुडिका. तुमच्या बगळ्याचंही तेच: कास्मेरोडियस पुल्लिंगी म्हणून आल्बस, आर्डिया स्त्रीलिंगी म्हणून आल्बा.

जिथे हमखास चुकतं ती ठिकाणं सांगतो. फायकस '-अस'ने संपतं, तरी लॅटिन परंपरेत ते झाड स्त्रीलिंगीच. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा, उंबर फायकस रेसिमोसा. मराठीत पिंपळ पुल्लिंगी आहे म्हणून रिलिजिओसस करू नका. याउलट अरिसीमा हे एका कंदवनस्पतीचं नाव 'आ'ने संपतं पण नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे अरिसीमा टॉर्ट्युओसम. आणि जातिनाम, म्हणजे दुसरा शब्द, विशेषण नसेल तर ते जिथे जाईल तिथे तसंच राहतं: जांभूळ आधी मिर्टस क्युमिनी होती, आता सिझिजियम क्युमिनी.

झुडुपवाला
नावाइतकीच ओळखही तपासा, कारण 'लाजाळू'ची पाटी चुकीच्या रोपाला लागलेली फार दिसते. पावसाळ्यात तीन वनस्पतींचा गोंधळ होतो.

खरी लाजाळू: खोडावर काटे, देठाच्या टोकाला पंज्यासारख्या दोन ते चार काड्या आणि त्यांवर बारीक पानं (पर्णिका), गुलाबी गोंडा, शेंगेच्या कडांना राठ केस.
लाजरी: आखूड उभं खोड, फांद्या नाहीत, सगळी पानं छत्रीसारखी शेंड्यावर, फूल पिवळं पाच पाकळ्यांचं, काटा एकही नाही. ही आंबुशीच्या कुळातली. लिनियसने ऑक्झालिस सेन्सिटिव्हा म्हटलेली, आता बायोफायटम सेन्सिटिव्हम. इथेही आ चं अम झालंच.
कवळा: पावसाळ्यात भाजी करतात ती, स्मिथिया सेन्सिटिव्हा. पिवळं, वाटाण्याच्या घडणीचं फूल.

सेन्सिटिव्हा म्हणजे स्पर्श जाणवणारी. लाजेशी तिचा संबंध नाही, तेव्हा पाटीवर अर्थ देताना हे दोन वेगळे ठेवा. पान मिटण्याचं कारण एका ओळीत द्यायचं तर असं: पानाच्या आणि पर्णिकेच्या बुडाशी फुगीर गाठ असते, स्पर्शाने तिच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि त्यामागोमाग पाणी बाहेर जातं, ती बाजू ढिली पडते आणि पान वाकतं. मुलांनी सारखा हात लावला की प्रतिसाद मंदावतो, म्हणून पाटीशेजारी एकच रोप न ठेवता चार-पाच ठेवा.

प्लुमेरिया पुडिका हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ जॅकिनने १७६० मध्ये दिलं. पानं नागाच्या फणीसारखी, मूळ पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएलाकडचं. त्याला 'लाजरा चाफा' असं मराठी नाव घडवू नका, मुलं पान मिटायची वाट बघत बसतील.

जलरंग
पक्ष्यांपुरतं सांगतो. 'मोडेस्टस, मोडेस्टा' म्हणजे नम्र, साधा, पण पक्ष्यांच्या नावात तो बहुतेक वेळा रंगाबद्दल असतो: फिका, भडक नसलेला. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा करडा कुरव ल्युकोफियस मोडेस्टस हे सरळ उदाहरण, अंगभर राखाडी. तो अटाकामाच्या वाळवंटात आत जाऊन अंडी घालतो, त्याला भित्रा म्हणणं चूकच. तेव्हा मोडेस्टाचा अर्थ 'लाजाळू' असा छापू नका, 'साधा' लिहा. तुमच्या तळ्यावरचा मोठा बगळा मोडेस्टा या उपजातीतला, आर्डिया आल्बा मोडेस्टा. हे उपजातीचं नाव ग्रे याने १८३१ मध्ये दिलं.

दिसायला जवळचे पण संबंध नसलेले शब्दही आहेत. चिलीतल्या बुटक्या हरणाचं नाव पुडू पुडा. ते तिथल्या मूळ रहिवासी मापुचे लोकांच्या भाषेतून आलंय. क्रोटालारिया व्हेरुकोसा या वनस्पतीच्या नावातलं 'व्हेरुकोसा' म्हणजे चामखिळी असलेली. लाजरा या अर्थाचा शब्द 'व्हेरेकुंडस', तो वेगळा.

पानवाटा
खूप उपयोग झाला. छापायच्या आधी शेवटची तपासणी कशी करू? आणि मराठीत पुडिका की प्युडिका?

तृणांकुर
वनस्पतीचं प्रत्येक नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर टाका आणि मान्य नावच घ्या, शेवटच्या अक्षरासकट तिथूनच उचला. रोमन लिपीत दोन्ही शब्द तिरपे, पहिल्याचंच पहिलं अक्षर मोठं. कर्त्याचं, म्हणजे नाव देणाऱ्याचं, नाव सरळ अक्षरांत. जाती दुसऱ्या प्रजातीतून आली असेल तर मूळ कर्ता कंसात जातो. म्हणून लाजाळूपुढे नुसतं लिनियसचं 'एल.', आणि लाजरीपुढे तेच 'एल.' कंसात व बाहेर 'डीसी.', म्हणजे द कांदोल. मुद्रिततपासणी करणारा कंस काढून टाकतो, त्याला आधीच बजावून ठेवा.

उच्चाराचं म्हणाल तर लॅटिनमध्ये मधला स्वर दीर्घ आणि जोर त्याच्यावर: पु-दी-का. प्युडिका हा इंग्रजी वळणाचा उच्चार. नर्सरीत पुडिका म्हणतात, तेच लिहा, वाचणाऱ्याला रोप मागता येईल.