‘संभावित’, ‘दांभिक’ की ‘सोवळी’?

प्रश्नकर्ती, इंदूर :
आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवातील स्मरणिकेसाठी मी एक व्यक्तिचित्र लिहीत आहे. त्यातील काकू चातुर्मास काटेकोरपणे पाळतात आणि कांदा-लसूण खाणाऱ्या शेजारणींना सतत हिणवतात. त्यांच्यासाठी मी ‘संभावित’ हा शब्द योजला होता. परंतु हिंदी वृत्तपत्रांवर वाढलेल्या इथल्या तरुण वाचकांनी त्याचा अर्थ ‘संभाव्य’ असा घेतला. त्याऐवजी ‘दांभिक’ म्हणावे का?

वाचक, ग्वाल्हेर :
ताई, ही गल्लत आपल्याकडे होणारच, कारण हिंदीत ‘संभावित उम्मीदवार’ म्हणजे ज्याला उमेदवारी मिळण्याची शक्यता आहे तो. संस्कृतात मात्र संभावित म्हणजे प्रतिष्ठित. ‘संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते’ या गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील वचनात हाच अर्थ आहे. मराठीने तो राखला आणि ‘संभावित चोर’ यांसारख्या प्रयोगांत त्याला उपरोधाची धारही दिली : वरून सभ्य, आतून लबाड. तुमच्या काकू लबाड नाहीत. त्या कांदा खरोखरच खात नाहीत. गीतेच्याच सोळाव्या अध्यायात ‘आत्मसंभावित’, म्हणजे स्वतःच स्वतःला थोर मानणारे, असा शब्द आहे. तो काकूंना नेमका लागू पडतो, पण स्मरणिकेत फार जड वाटेल.

वाचक, बडोदे :
‘दांभिक’ मलाही पटत नाही. दंभ म्हटला की दाखवणे आणि वागणे यांत अंतर हवे. ‘ऐसे कैसे झाले भोंदू । कर्म करोनि म्हणती साधू’ असे तुकोबा म्हणतात, ते अंगाला राख लावून डोळे झाकून पाप करणाऱ्यांविषयी. काकूंचे आचरण खरे आहे. दोष आहे तो त्या आचरणाच्या अहंकारात.

त्यासाठी ‘सोवळेपणा’ हा शब्द अधिक जवळचा आहे. सोवळे म्हणजे स्नान करून पूजेसाठी वा स्वयंपाकासाठी पाळायची शुद्धता, आणि त्या वेळी नेसायचे वस्त्रही. सोवळ्यातील माणसाला इतरांनी शिवायचे नसते. या न शिवण्यातूनच ‘मी शुद्ध, बाकीचे विटाळलेले’ ही लाक्षणिक छटा शब्दाला सहज मिळते. मात्र काकूंना नुसते ‘सोवळी बाई’ म्हणू नका, कारण जुन्या मराठीत त्याचा अर्थ केशवपन केलेली विधवा असा होतो आणि वयस्कर वाचकांना तो खटकेल. शिवाय, कोणालाही न दुखावता घरात निमूटपणे सोवळे पाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्यावर हा शब्द उगारला जाऊ नये असे मला मनापासून वाटते. म्हणून ‘सोवळेपणाचा टेंभा मिरवणे’ असा प्रयोग करावा. त्यात रोख आचारावर राहत नाही, मिरवण्यावर राहतो.

प्रश्नकर्ती, इंदूर :
दोघांचेही आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘काकूंच्या उपासाचा कोणाला त्रास नव्हता, त्रास होता तो दारोदार मिरवलेल्या सोवळेपणाच्या टेंभ्याचा.’