इंडोनेशियन शिकताना कर्मणी रूपं एवढी मागे का ढकलायची?

सह्यकडा: इंडोनेशियन शिकवताना प्रश्न पहिल्या धड्यात आणि कर्मणी रूपं पार शेवटी, असा क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो. मला तो साफ चुकीचा वाटतो. 'बाचा' हा वाचण्याचा धातू, त्याचं कर्तरी रूप 'मेम्बाचा'. 'सियापा यांग मेम्बाचा बुकु इनि?' म्हणजे हे पुस्तक कोण वाचतंय? इथे 'मेम्' शाबूत. पण 'तू काय वाचतोयस?' यासाठी 'आपा यांग कामु मेम्बाचा?' चालत नाही, 'आपा यांग कामु बाचा?' म्हणावं लागतं. अलीबद्दल विचारायचं तर 'आपा यांग दिबाचा अली?' हा 'दि' कर्मणीचाच की! 'यांग' (आपल्या 'जो-जे'सारखा शब्द) लावून वस्तूबद्दल विचारलं की कर्मणीत शिरलातच. मग विद्यार्थ्याला कारण न सांगता नुसतं पाठ का करायला लावायचं?

खाडीकाठ: अजिबात पटलं नाही. जकार्तात रोजच्या बोलण्यात लोक सरळ 'कामु बाचा आपा?' म्हणतात. उपसर्ग गळतो, 'आपा' कर्माच्या जागी बसतो, काम झालं. बाजारात 'बेरापा हार्गान्या?' एवढ्यावर भाव कळतो, त्यात क्रियापदच नाही. 'आपा कामु सुदाह माकान?' तर आपल्या 'जेवलास काय?' सारखंच, फक्त 'काय' आधी येतं. नवशिक्याला आधी बोलू द्या. सुरुवातीलाच प्रयोग शिकवायला घेतलेत तर निम्मे वर्ग सोडतील.

सह्यकडा: बोलू द्या हे मान्य, पण ऐकायला काय येतं? पाहुण्यापुढे चहा ठेवून यजमान म्हणतो 'सिलाकान दिमिनुम'. दार लावायला सांगताना 'तोलोंग दितुतुप पिन्तुन्या'. दोन्हीकडे 'दि'. समोरच्यावर थेट हुकूम न सोडता नम्रपणे सांगायची ही रोजची रीत आहे, आणि ती शेवटच्या धड्यात? १७ ऑगस्ट १९४५ची स्वातंत्र्यघोषणा दोनच वाक्यांची. पहिल्यात 'आम्ही जाहीर करतो', क्रियापद कर्तरी 'मेन्याताकान'. दुसऱ्यात सत्तांतराची कामं पार पाडली जातील, तिथे 'दिसेलेंग्गाराकान', कर्ता नाहीच.

पाटीपेन्सिल: मराठी माणसाला हे जड जाऊ नये. 'मी पुस्तक वाचलं', 'मी पोथी वाचली' यात आपलं क्रियापद कर्माच्याच मागे जातं. वर्गात इथूनच सुरुवात करावी.

खाडीकाठ: पाटीपेन्सिल, हीच तुलना घात करते. आपल्याकडे ते भूतकाळाशी बांधलेलं. 'मी पोथी वाचणार' म्हटलं की कर्तरी झालं. इंडोनेशियनमध्ये 'बुकु इतु सुदाह साया बाचा' म्हणजे ते पुस्तक माझं वाचून झालं ('साया' म्हणजे मी, 'सुदाह' म्हणजे झालं) आणि 'बुकु इतु आकान साया बाचा' म्हणजे वाचणार, रचना दोन्हीकडे तीच. काळाचा संबंधच नाही. शिवाय प्रमाण भाषेत 'साया' आणि 'बाचा' यांच्यामध्ये काही घुसत नाही, 'सुदाह' आधीच येतो. मराठीच्या आधाराने गेलेला हमखास 'साया सुदाह बाचा' म्हणणार.

सह्यकडा: काळाचा मुद्दा बरोबर आहे, मराठीचा आधार मीही घेणार नाही. पण खाडीकाठ, 'सुदाह' कुठे बसतो हे तुम्ही आत्ता दोन वाक्यांत समजावलंत. एवढ्यासाठी कोण वर्ग सोडेल?

खाडीकाठ: इथे वाचणाऱ्यांना व्याकरणाची आवड आहे. बालीला फिरायला जाण्याआधी चार वाक्यं शिकू पाहणाऱ्याला ती नसते. त्याला 'सिलाकान दिमिनुम' जरूर शिकवा, आख्खं, जसंच्या तसं. 'दि' सोडवून दाखवायची घाई नको.