मदत हवी आहे: क्लेरिक ३ / विझर्ड २, तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट आहेत, मग फायरबॉल घेता येतो का?

सोंगटी

नमस्कार मंडळी. डीअँडडीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर खेळायचा भूमिका-खेळ) जाणकारांनी जरा निवाडा करून द्यावा, रविवारी पुढची बैठक आहे आणि आमच्या ग्रुपवर नुसती जुंपली आहे.

आम्ही ठाण्यात पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम खेळतो. छापील प्लेअर्स हँडबुक (नियमपुस्तक) एकट्या डीएमदादाकडे (डीएम म्हणजे खेळ चालवणारा), बाकी सगळे एसआरडी ५.१ या मोफत नियमसंचाच्या पीडीएफवर. माझं पात्र, ड्वॉर्फ धोंडू, मल्टिक्लास आहे, म्हणजे दोन क्लासचं (पेशांचं): क्लेरिक (पुरोहित) लेव्हल ३ (लाइफ डोमेन शाखा) आणि विझर्ड (जादूगार) लेव्हल २ (इव्होकेशन शाखा). विझडम १६ (म्हणजे +३), इंटेलिजन्स १४ (म्हणजे +२). गेल्या खेपेला एका मेलेल्या जादूगाराच्या बुरुजात त्याची स्पेलबुक (मंत्रांची वही) सापडली आणि तिच्यात फायरबॉल हा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल (मंत्र) निघाला.

आता तीन मतं आहेत.

डीएमदादा म्हणतो, क्लेरिकचे स्लॉट (स्पेल टाकायच्या ठरावीक खेपा) क्लेरिकला, विझर्डचे विझर्डला. क्लेरिक ३ म्हणून पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसरीचे दोन, विझर्ड २ म्हणून पहिलीचे तीन. विषय संपला.

आमचा रोग (रोग म्हणजे चोरट्याचा क्लास, तो खेळणारा मित्र) म्हणतो, नाही, मल्टिक्लासचं वेगळं कोष्टक आहे. तीन अधिक दोन पाच, म्हणून पाचव्या ओळीतले ४/३/२ स्लॉट (पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या लेव्हलचे). तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट आले म्हणजे तिसऱ्या लेव्हलचे स्पेलही आले, घे उतरवून फायरबॉल.

मला कोष्टक पटतं, फायरबॉल पटत नाही. पण मग स्लॉट देऊन त्या लेव्हलचा स्पेल न देणं हा काय प्रकार? ते स्लॉट ठेवायचे कशाला, लोणचं घालायला?

निशाचर

तिघांतलं तुमचंच बरोबर आहे. स्लॉट एकत्र मोजायचे, स्पेल वेगवेगळे मोजायचे. एवढं धरून चाललात की मल्टिक्लासचा निम्मा गुंता सुटतो.

स्लॉटसाठी बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर आणि विझर्ड यांच्या लेव्हल पूर्ण धरायच्या, पॅलाडिन आणि रेंजर यांच्या निम्म्या, एल्ड्रिच नाइट (फायटरची शाखा) आणि आर्केन ट्रिकस्टर (रोगची शाखा) यांच्या एक तृतीयांश, अपूर्णांक खाली सोडून. तुमची बेरीज पाच, म्हणून ४/३/२. हे स्लॉट कुणा एका क्लासचे नाहीत. क्युअर वुंड्सला (क्लेरिकचा बरं करणारा स्पेल) वापरा नाही तर मॅजिक मिसाइलला (विझर्डचे जादूचे बाण).

स्पेल कुठले माहीत आणि कुठले प्रिपेअर (आधी तयार) करता येतील, हे मात्र प्रत्येक क्लाससाठी स्वतंत्र, जणू तुम्ही फक्त त्याच क्लासचे आहात असं समजून ठरवायचं. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिकला दुसऱ्या लेव्हलपर्यंतचे स्पेल मिळतात. दुसऱ्या लेव्हलच्या विझर्डला फक्त पहिलीचे. फायरबॉल विझर्ड ५ शिवाय नाही.

थॅको_काका

तुमच्या डीएमला फार झोडपू नका. तो बहुधा ३.५ या जुन्या आवृत्तीवर वाढलेला आहे. त्या आवृत्तीत अगदी तसंच होतं: प्रत्येक क्लासचे स्लॉट वेगळे, कास्टर लेव्हल (जादूची लेव्हल) वेगळी. क्लेरिक-विझर्ड मिश्रण त्यामुळे इतकं लंगडं व्हायचं की दोन्हीकडची जादू एकदम वाढावी म्हणून मिस्टिक थर्ज नावाचा प्रेस्टिज क्लासच (नंतर घ्यायचा खास क्लास) द्यावा लागला होता. पाचवीत ती भानगड कोष्टकाने मिटवली.

गंमत बघा, त्याच्या हिशोबाने सात आणि दोन मिळून नऊ स्लॉट, कोष्टकाच्या हिशोबाने चार, तीन आणि दोन मिळूनही नऊच. संख्या तीच, वजन वेगळं.

सोंगटी

काका, बरोबर ओळखलंत, दादाची ३.५ ची झेरॉक्स अजून बैठकीला येते!

निशाचर, धन्यवाद. पण रोग ऐकत नाहीये. त्याने क्लेरिकच्या पानावरचं एक वाक्य पाठवलंय, विझर्डच्याही पानावर तेच आहे: ज्या लेव्हलचे स्लॉट तुमच्याकडे आहेत त्या लेव्हलचेच स्पेल प्रिपेअर करता येतात. आणि दुसऱ्याची स्पेलबुक उतरवताना अट काय, तर त्या लेव्हलचा स्पेल तुम्हाला प्रिपेअर करता आला पाहिजे. म्हणजे स्लॉट आहेत, म्हणून प्रिपेअर करता येतो, म्हणून उतरवता येतो. ही साखळी कुठे तोडायची?

निशाचर

पहिल्याच कडीला. ते वाक्य क्लासच्या प्रकरणातलं आहे, एकाच क्लासचा माणूस समोर धरून लिहिलेलं. मल्टिक्लासिंगचं प्रकरण वर येऊन सांगतं की तो हिशोब एकट्या क्लासचा समजून करा. दोन लेव्हलच्या निव्वळ विझर्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट असतात का? नसतात. मग त्याला फायरबॉल प्रिपेअर करता येत नाही, म्हणून उतरवताही येत नाही.

रोगाला तरीही पटत नसेल तर त्याच प्रकरणातलं उदाहरण दाखवा, एसआरडीतही आहे. रेंजर ४ / विझर्ड ३. रेंजरचे निम्मे दोन, अधिक तीन, बेरीज पाच. नेमके तुमचेच ४/३/२ स्लॉट. आणि पुढे स्वच्छ लिहिलंय की या पात्राला तिसऱ्या लेव्हलचा एकही स्पेल येत नाही, पण त्या स्लॉटमधून येत असलेले स्पेल टाकता येतात आणि काहींचा जोर वाढतो. इतकं थेट उदाहरण नियमपुस्तकात क्वचित मिळतं.

कोष्टकवाली

लोणच्याचं उत्तर मी देते, कारण या मिश्रणाची खरी मजा तिथेच आहे आणि लोक ती न बघता फायरबॉलसाठी रडत बसतात.

तुमच्या तिसऱ्या लेव्हलच्या दोन स्लॉटांवर:

मॅजिक मिसाइल टाकलात तर तीनऐवजी पाच बाण. प्रत्येकी १डी४+१ (चार बाजूंचा एक फासा अधिक एक), ना नेम चुकायचा ना सेव्ह (समोरच्याने फासा टाकून वाचणं). सरासरी १७.५.

बर्निंग हँड्स ५डी६, सरासरी तेवढीच, पण पंधरा फुटांच्या कोनात येईल त्या प्रत्येकाला. आता इव्होकेशनचं स्कल्प्ट स्पेल्स वाचा: स्पेलच्या लेव्हलमध्ये एक मिळवून येतील तितकी माणसं तुम्ही वगळू शकता, त्यांना काही इजा होत नाही. तिसऱ्या स्लॉटमधून टाकलेला स्पेल तिसऱ्या लेव्हलचा धरतात, म्हणून चार माणसं. म्हणजे तुमचा अख्खा गट पुढे भिडलेला असताना त्यांच्या पाठीमागून आग ओता. फायरबॉल ८डी६ आहे, मान्य, पण धोंडू काही अगदीच विझलेला नाही.

आणि लाइफ डोमेन. बरं करणाऱ्या प्रत्येक स्पेलला दोन अधिक स्पेलची लेव्हल इतके जादा हिट पॉइंट (जीवाचे गुण), इथेही स्लॉटचीच लेव्हल. क्युअर वुंड्स तिसऱ्या स्लॉटमधून: ३डी८, विझडमचे ३, डोमेनचे ५. सरासरी २१.५. हेच प्रेअर ऑफ हीलिंगने करा. दहा मिनिटं लागतात, लढाईत उपयोग नाही, पण सहा जणांना प्रत्येकी २१.५ मिळतात. एका स्लॉटमध्ये १२९ हिट पॉइंट! पाचव्या लेव्हलचा निव्वळ क्लेरिकही त्या स्लॉटमधून याहून फार काही काढत नाही.

एक खड्डा: स्पिरिच्युअल वेपन तिसऱ्या स्लॉटमधून टाकू नका. त्याचा फासा दर दोन लेव्हलला वाढतो, म्हणजे चौथ्या स्लॉटला. तिसरा नुसता फुकट जाईल. होल्ड पर्सनला मात्र तिसऱ्या स्लॉटमध्ये दुसरं सावज मिळतं, ब्लेसला पाच माणसं, आणि एडमध्ये पाचाऐवजी दहा हिट पॉइंट, तेही तिघांना, आठ तास.

शिवाय विझर्डची आर्केन रिकव्हरी विसरू नका. विझर्डच्या लेव्हलचे निम्मे, म्हणजे तुमच्यासाठी एक. दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट परत. तो क्लेरिकच्या स्पेलवर खर्च करायलाही कोणी अडवत नाही.

भुईचक्र

सगळं ठीक, पण मुळात क्लेरिक-विझर्ड का? दोन ॲबिलिटी (विझडम आणि इंटेलिजन्स) पोसायच्या आणि दोन्हीकडे मागे पडायचं. क्लेरिक ५ केला असतात तर आत्ता स्पिरिट गार्डियन्स (तिसऱ्या लेव्हलचा स्पेल) हातात असता.

फायरबॉलचा हट्टच असेल तर डीएमला स्पेलबुकऐवजी स्क्रोल (मंत्र लिहिलेली गुंडाळी) ठेवायला सांगा. स्क्रोलला लेव्हलची आडकाठी नाही, फक्त स्पेल तुमच्या क्लासच्या यादीत हवा. आवाक्याबाहेरचा असेल तर १० अधिक स्पेलची लेव्हल, म्हणजे १३ चा चेक (वीस बाजूंच्या फाशावर). इंटेलिजन्स १४ चे +२ धरून ११ किंवा वर पडायला हवं. छापा-काटाच झाला. चुकलं तर स्क्रोलवरचा स्पेल पुसला जातो.

कोष्टकवाली

भुईचक्र, स्पिरिट गार्डियन्सचं बरोबर आहे. सोंगटी, म्हणूनच पुढच्या दोन्ही लेव्हल क्लेरिकमध्ये घाला असं मी सुचवेन. सहाव्याला ४/३/३ स्लॉट, क्लेरिक ४ मुळे ॲबिलिटीत वाढ. सातव्याला ४/३/३/१ आणि स्पिरिट गार्डियन्स आला, तोही चौथ्या स्लॉटमधून टाकता येईल असा. विझर्ड ५ गाठायला अजून तीन लेव्हल लागतील, म्हणजे एकूण आठव्या लेव्हलला.

पण दोन ॲबिलिटी पोसण्याची भीती जरा फुगवलेली आहे. प्रोफिशियन्सी बोनस एकूण लेव्हलवर चालतो, म्हणजे दोन्हीकडे +३. क्लेरिकच्या स्पेलचा डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १४, विझर्डचा १३. एकाचा फरक. कँट्रिपही (स्लॉट न लागणारे स्पेल) एकूण लेव्हलवर वाढतात, त्यामुळे विझर्ड २ असूनही फायर बोल्ट २डी१० चा. सेव्ह मागणारे स्पेल क्लेरिककडून घ्या. सेव्हचा प्रश्न नसलेले, मिसाइल, शील्ड नावाचा स्पेल वगैरे, विझर्डकडून.

आणि बुरुजातली स्पेलबुक फेकू नका. विझर्ड ५ झालात की सहा तास आणि १५० सुवर्णमुद्रा घालून फायरबॉल उतरवता येईल. तोवर तिच्यात पहिल्या लेव्हलचे काही असतील तर ते आजच उतरवा. डिटेक्ट मॅजिक असेल तर सोनंच. तो दोन्ही याद्यांत आहे, पण क्लेरिकला रिच्युअल म्हणून (स्लॉट न खर्चता, सावकाश) टाकायलाही प्रिपेअर करावा लागतो. विझर्डला नुसता पुस्तकात असला की पुरे.

अंधारयात्री

धागा थोडा हायजॅक करतो. माझा सॉर्सरर ३ / वॉरलॉक २ आहे. मीही ४/३/२ ना?

निशाचर

नाही. वॉरलॉक या बेरजेत येतच नाही. पॅक्ट मॅजिक (वॉरलॉकची जादू) वेगळा गल्ला आहे. सॉर्सररचे ४/२ आणि बाजूला वॉरलॉकचे पहिल्या लेव्हलचे दोन, जे शॉर्ट रेस्टने भरतात. मात्र खर्च करताना भिंत नाही: पॅक्टच्या स्लॉटमधून सॉर्सररचा स्पेल चालतो, उलटही चालतं.

कोणी २०२४ च्या पुस्तकाबद्दल विचारायच्या आत: हाच ढाचा तिथेही आहे. ठळक फरक म्हणजे पॅलाडिन आणि रेंजर यांचे निम्मे काढताना आता अपूर्णांक वर धरतात, कारण त्यांना पहिल्या लेव्हलपासूनच स्पेल मिळतात.

सोंगटी

ग्रुपवर रेंजर-विझर्डचं उदाहरण टाकलं. रोग गप्प आहे. दादाने अंगठा दिलाय, वर लिहिलंय "४/३/२ घे, पण प्रेअर ऑफ हीलिंगची दहा मिनिटं मी घड्याळ लावून मोजणार."

शेवटचा प्रश्न. धोंडूच्या एका हातात गदा, दुसऱ्यात शील्ड (ढाल), आणि शील्डवर होली सिंबॉल (देवाचं चिन्ह) कोरलेला. चिलखतही जड आहे. यातून विझर्डचे स्पेल निघतात का?

थॅको_काका

चिलखताची चिंता नको. लाइफ डोमेनमुळे तुम्हाला जड चिलखताची प्रोफिशियन्सी आहे, आणि नियम तेवढंच विचारतो. विझर्डचा स्पेल आहे की क्लेरिकचा, हे विचारत नाही.

हातांचं अवघड आहे. होली सिंबॉल फक्त क्लेरिकच्या स्पेलसाठी फोकस (साहित्याऐवजी धरायची वस्तू) म्हणून चालतो, विझर्डच्या नाही. ब्लेसला साहित्य लागतं, म्हणून तो शील्डच्याच हाताने निघतो, खुणाही त्याच हाताने होतात. बर्निंग हँड्स आणि मॅजिक मिसाइल यांना साहित्य लागत नाही, पण खुणा लागतात, आणि त्यासाठी मोकळा हात हवा. क्युअर वुंड्सचंही तेच, तो क्लेरिकचा असला तरी. तेव्हा आधी गदा कमरेला लावा. आपल्या पाळीत एक वस्तू ठेवणं किंवा काढणं फुकट आहे. पुढच्या पाळीत परत उपसा. वॉर कास्टर फीट (वाढीव कौशल्य) घेतलं की हे सगळं टळतं, पण ते तुमच्या मोफत पीडीएफमध्ये नाही, दादाचं हँडबुक मागावं लागेल.

जाता जाता, एकाच पाळीत बोनस ॲक्शनने (पाळीतली जादा कृती) हीलिंग वर्ड आणि ॲक्शनने बर्निंग हँड्स असं करू नका. २०१४ च्या नियमात बोनस ॲक्शनचा स्पेल टाकलात की त्या पाळीत सोबत फक्त एका ॲक्शनची कँट्रिप चालते. रोगाच्या आधी तुम्हीच सांगून टाका.