नकारात्मक बातम्यांनी सत्ताधाऱ्यांचा पाठिंबा घटतो का? ठाण्यात मोजायचं कसं?

घोडबंदरकर
पावसाळ्यात ठाण्याच्या पुरवण्या खड्डे नि कोंडीने भरतात. त्याने सत्ताधारी पक्षाला खरंच फटका बसतो का, हे तपासायचंय. बेत असा: जून ते सप्टेंबर दोन दैनिकांतल्या नकारात्मक बातम्या मोजायच्या आणि मेअखेर व सप्टेंबरअखेर प्रत्येकी 400 मतदारांना विचारायचं. पाठिंबा 3 टक्क्यांनी उतरला तर बातम्यांचा परिणाम म्हणता येईल?

नमुनेवाला
नाही. 400 जणांत त्रुटी ±4.9 टक्के, आणि दोन वेगळ्या नमुन्यांतल्या फरकाची ±7 च्या आसपास. तुमचे 3 टक्के त्यात बुडाले. मतदारयादीचे 20 भाग घेऊन प्रत्येकी 20 जण निवडलेत तर आणखी वाईट, कारण एका वस्तीतली मतं एकसारखी असतात. 400 ची किंमत निम्म्यावरही येऊ शकते.

त्यापेक्षा त्याच माणसांना दोन्ही वेळा गाठा. गळती धरून सुरुवात 600 ने करा. लीव्ह-लायसन्सवाले भाडेकरू आधी गळतात, त्यांचा हिशेब वेगळा ठेवा. टॉवरमध्ये वॉचमन वर सोडत नाही, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी आधीच घ्या, नाहीतर नमुना चाळी नि जुन्या इमारतींकडे झुकतो. आणि पक्षाचा प्रश्न आधी, बातम्यांचा नंतर! उलट केलंत तर खड्ड्यांची आठवण तुम्हीच करून दिलीत.

खारेगाव_कळवा
माझ्या मते मूळ घोळ ‘नकारात्मक’ मोजण्यातच आहे. दोष कोणावर आला, ते मोजा. कासारवडवलीच्या मेट्रोचं काम एमएमआरडीए या राज्याच्या प्राधिकरणाचं, शीव-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, गल्लीतले रस्ते पालिकेचे. मार्च 2022 नंतर तर ठाण्यात प्रशासक आला, नवी मुंबईत 2020 पासूनच होता. त्या काळातल्या खड्ड्याचा राग कुठल्या पक्षाच्या खात्यावर टाकणार? अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार यांनी 1991 मध्ये मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो: सुट्या घटनेची बातमी दाखवली की प्रेक्षक सरकारला कमी जबाबदार धरतात. ‘तीन हात नाक्यावर दोन तास कोंडी’ ही तसलीच.

म्हणून बातम्या नोंदवायच्या तक्त्यात दोषाचा रकाना हवा: पालिका, राज्य, केंद्र, ठेकेदार, कोणीच नाही. पहिल्या 50 बातम्या दोघांनी स्वतंत्रपणे वाचायच्या. जुळणीचा ‘कप्पा’ (kappa, दोघांच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळल्या त्याचा आकडा) 0.7 च्या खाली गेला तर नियम पुन्हा लिहा. ‘खड्डे बुजवण्याचे आयुक्तांचे आदेश’ यावर हमखास भांडण होतं. आम्ही याला तटस्थ धरतो.

ऐरोली_सेक्टर
एक राहिलं. पाऊस बातमीही वाढवतो आणि खड्डाही. माणूस पेपर वाचून चिडला की दुचाकी आपटून? बातमी न वाचणारे त्याच रस्त्यावरचे लोक तुलनेला हवेत, आणि वाचन मेमध्येच विचारून ठेवा. तरी वाचणारे-न वाचणारे मुळात वेगळे असतात, म्हणून दोघांचा सप्टेंबरचा आकडा समोरासमोर ठेवू नका. मेपासून कोण किती हलला ते पाहा. शिवाय पाठिंबा घसरू लागला की पेपरही धीट होतात, तेव्हा बाण उलटाही असतो.

घोडबंदरकर
3 टक्के सोडले. पण चार सदस्यांच्या प्रभागात एकाला चार मतं. पाठिंबा विचारायचा कसा?

नमुनेवाला
विधानसभेचं विचारा, एकच मत असतं. पालिकेचं हवं असेल तर चारही जागांची पसंती चार खणांत वेगळी लिहा. बेरीज घरी बसून करता येते.