मदत हवी आहे : आईला घेऊन मुन्स्यारीला जाण्याविषयी

नमस्कार. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या 68 वर्षांच्या आईला घेऊन पुण्याहून उत्तराखंडातील मुन्स्यारीला जाण्याचा विचार आहे. स्वर्गारोहणाला निघण्यापूर्वी पांडवांनी ज्या पाच चुलींवर शेवटचा स्वयंपाक केला, तीच मुन्स्यारीसमोरची पंचाचूलीची पाच शिखरे, ही आख्यायिका आईने कधीतरी वाचली आणि त्याचे कात्रण आजवर पोथीत घडी घालून जपले आहे; घडीवर तो कागद आता विरत चालला आहे. नैनिताल-मसुरीच्या गर्दीची तिला ओढ नाही. मावळतीच्या उन्हात तांबूस होणारी ती शिखरे तिला समोर बसून निवांत पाहायची आहेत.

काठगोदामपर्यंत आम्ही रेल्वेने जाऊ. खरी काळजी त्यापुढच्या जवळपास पावणेतीनशे किलोमीटरच्या घाटरस्त्याची आहे. एका दिवसात एवढा प्रवास आईच्या कंबरेला झेपणार नाही, तेव्हा वाटेतला मुक्काम चौकोडीला करावा की बागेश्वरला, हे या रस्त्याने गेलेल्यांनी कृपया सांगावे. विशेषतः थल हे गाव सोडल्यावर बिर्थी धबधब्यापासून सुमारे 2,700 मीटर उंचीवरच्या कालामुनी खिंडीपर्यंत नेणारी वळणावळणाची चढण वयस्कर माणसाला कितपत त्रासदायक होते?

मुन्स्यारीजवळच्या खलिया टॉप या डोंगरमाथ्याची चढाई आम्ही करणार नाही. मात्र खिडकीतूनच शिखरे दिसतील, आंघोळीला गरम पाणी मिळेल आणि पायऱ्या फारशा चढाव्या लागणार नाहीत, असा होमस्टे मुन्स्यारीच्या नेमक्या कोणत्या भागात शोधावा?