अनुभव धागा : एक कादंबरी, दोन वर्ग

धागाकर्ती

तिसरी ते पाचवीच्या वर्गाला रोज थोडी थोडी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची, आणि त्याच दिवसांत तीच कादंबरी दुसऱ्या गावचा एखादा वर्गही ऐकत असायचा. या जोडवाचनासाठी हा धागा काढते आहे. सुटी गोष्ट एका तासिकेत संपते. कादंबरी उद्यावर राहते, आणि तिकडचा वर्गही तिथेच अडून बसला आहे हे कळलं की मुलं दुसऱ्या दिवशी दप्तर ठेवायच्या आधी पुस्तकाकडे बघतात.

'मुलांना फार आवडलं' एवढंच लिहू नका. रोज किती मिनिटं, किती पानं, कुठे अडलं आणि का, ते लिहा. नव्याने सुरू करणाऱ्याला तेच हवं असतं.

चौथीच्या बाई, दापोलीकडच्या

पुस्तकापासून सुरुवात करते. 'श्यामची आई' जोडवाचनाला फार सोयीची आहे. गोष्ट 'रात्रीं'मध्ये विभागलेली आहे, त्यामुळे थांबायच्या जागा लेखकानेच ठरवून दिल्यात. शिवाय पुस्तकातही श्याम संध्याकाळी मित्रांना गोष्ट सांगतो आहे आणि ते ऐकत बसलेत. वर्गालाही तसंच बसवायचं.

रात्री एकंदर ४२ आहेत. सगळ्या वाचायला घेतल्या तर अर्धं सत्र जातं. जवळजवळ प्रत्येक रात्र स्वतंत्र उभी राहते, म्हणून २४ निवडा. आठवड्याला चार, म्हणजे सहा आठवडे. 'मुकी फुले', 'पत्रावळ', 'थोर अश्रू', 'मोरी गाय', 'श्यामचे पोहणे', 'अळणी भाजी' या वगळू नका. मात्र दोन्ही शाळांची यादी एकच हवी, आणि ती कागदावर हवी.

पान नंबरावर विसंबू नका. या पुस्तकाच्या इतक्या प्रकाशकांच्या आवृत्त्या आहेत की एका शाळेचं पान ८० म्हणजे दुसरीचं ९६. रात्रीचं नाव आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहून खूण ठरवायची.

आणखी एक. पडवी, माजघर, झावळ, पन्हळ हे शब्द आमच्या मुलांच्या घरातले. आमच्या जोडीच्या शाळेतल्या, चंद्रपूरच्या मुलांना त्यांचा अर्थ सांगत बसण्यापेक्षा आमच्या मुलांनी पडवीचं चित्र काढून, कुठे काय ठेवतात ते बाण काढून लिहून पाठवलं की काम होतं. 'पत्रावळ'च्या आठवड्यात पारडं फिरतं. पळसाची पानं तिकडे भरपूर. वाळवलेल्या पानांच्या कडा कशा दुमडायच्या आणि काडीने टाका कसा घालायचा, हे तिकडच्या मुलांनी पायरी-पायरीने लिहायचं. काडी फार कोवळी घेतली तर वाकते, फार वाळलेली घेतली तर मोडते आणि पान फाटतं. आमच्या मुलांच्या पहिल्या पाच-सहा पत्रावळी फाटतातच, आणि मग 'काडी केवढी घ्यायची?' हा खरा प्रश्न पत्रात जातो.

पाचवीचा वर्ग, सातारा बाजू

वाचण्याआधीची तयारी लिहितो. पुस्तक शिक्षकाने आधी दोनदा वाचलेलं हवं. पहिल्यांदा आपल्यासाठी, दुसऱ्यांदा हातात शिसपेन्सिल घेऊन. श्वास घ्यायच्या जागी तिरकी रेघ, आवाज उतरवायच्या जागी खाली बाण, आणि आज जिथे पुस्तक मिटायचं तिथे समासात चौकट.

वेग घड्याळ लावून मोजा. मुलांसाठी वाचताना मिनिटाला १०० ते १२० शब्द पुरे. बातम्या वाचायच्या वेगाने गेलात तर मागच्या रांगा तिसऱ्या मिनिटाला सुटतात. पानावर २५० शब्द धरले तर १५ मिनिटांत सहा-सात पानं होतात. म्हणजे १२० पानांच्या कादंबरीला १८ ते २० दिवस. हा हिशेब जोडीच्या शाळेला आधीच पाठवा. एक गुरुजी भरभर वाचणारे आणि दुसरे सावकाश, असं असलं की दुसऱ्या आठवड्यातच जोडी तुटते.

बसवायचं अर्धवर्तुळात, जमिनीवर. वाचणारा खुर्चीवर, खिडकी त्याच्या पाठीशी नको. पाठीशी उजेड असला की मुलांना चेहरा दिसत नाही, आणि अर्धी गोष्ट चेहऱ्यावर असते. पुस्तक छातीच्या खाली धरा. पत्र्याचं छप्पर असेल तर जुलैत वाचन सुरूच करू नका. पावसाच्या आवाजावर ओरडून वाचलं की सगळी पात्रं भांडत असल्यासारखी वाटतात.

प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायची गरज नाही. दोन पात्रांत वेगाचा फरक पुरतो. आजी सावकाश, मुलगा भरभर.

तिसरीच्या ताई

वरच्या सरांचं सगळं पटलं. मी एकच जोडते, कारण इथेच बहुतेक वर्ग फसतात: मध्ये प्रश्न विचारू नका. 'याचा अर्थ काय? विरुद्धार्थी शब्द सांगा' सुरू झालं की मुलांना कळतं, हा धडाच आहे. अडणारा शब्द वाचता वाचता सोप्या शब्दाच्या जोडीने म्हणून पुढे जायचं: 'माजघरात, आतल्या खोलीत, आई बसली होती.' आणि वाचलेल्या भागावर गृहपाठ द्यायचा नाही. अजिबात नाही.

काल गैरहजर असलेल्यांसाठी फळ्याच्या कोपऱ्यात 'मागील पानावरून' अशी चौकट ठेवा. तीन ओळी, रोज वेगळ्या मुलाने लिहायच्या. चौथी ओळ लिहू दिली की ते मूल अख्खी गोष्ट लिहायला बसतं आणि वाचनाची दहा मिनिटं जातात.

तिसरीला 'तोत्तोचान' घ्या, जपानमधल्या एका लहान मुलीची आणि तिच्या शाळेची गोष्ट. मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टचा आहे. प्रकरणं दोन-चार पानांची, शाळा रेल्वेच्या डब्यांत भरणारी. त्यात मुख्याध्यापक मुलांच्या जेवणाच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं असावं असं सांगतात. किनाऱ्यावरची शाळा आणि घाटावरची शाळा जोडलेली असेल तर त्या दिवशी दोन्हीकडच्या डब्यांची यादी करून पाठवा: एका बाजूला सुकट, सोलकढी, दुसऱ्या बाजूला पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. आधी सूचना दिली तर आई मुद्दाम काहीतरी खास करून देते आणि यादी खोटी होते. त्या दिवशी डब्यात जे आलं असेल तेच लिहायचं. शाळेत पोषण आहारच सगळे खात असतील तर रात्रीच्या जेवणाची यादी करा.

जोडी लावून देणारा, विदर्भातून

जोडी ठरवताना शाळा प्रसिद्ध आहे का हे बघू नका. पट बघा. १२ मुलांची शाळा आणि ५५ मुलांचा वर्ग जोडला तर पत्रं पुरत नाहीत, कोणीतरी हिरमुसतं. पटात पाच-सातचा फरक चालतो. जास्त असेल तर मोठ्या वर्गाने तीन-तीनचे गट करावेत आणि गटाने पत्र लिहावं.

मग वेळापत्रक. बाकी महाराष्ट्रात शाळा साधारण १५ जूनला उघडतात, आमच्याकडे उन्हामुळे जूनच्या अखेरीस. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात प्रथम सत्राच्या परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. पर्नील रिप या शिक्षिकेने २०१० मध्ये अमेरिकेतून 'ग्लोबल रीड अलाउड' सुरू केलं, त्यातले सहा आठवडे ऑक्टोबरपासून धरलेले असत. एक पुस्तक, तेच आठवडे, अनेक वर्ग ही त्यातली कल्पना घ्यावी. महिना मात्र आपल्याला चालत नाही. गोष्ट ऐन रंगात असताना दोन-तीन आठवड्यांची सुट्टी लागली की पुन्हा पकड बसत नाही. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पुस्तकाचं नाव आणि जोडीची शाळा जाहीर करा. वाचन सुरू करा दिवाळीनंतर, शाळा लागून एक आठवडा झाल्यावर. जानेवारीच्या स्नेहसंमेलनाच्या तालमींआधी संपतं.

आठवड्यात चार दिवस वाचन, पाचवा रिकामा. बैठक, केंद्र संमेलन, स्थानिक सुट्टी त्या रिकाम्या दिवसात सामावते. पुढे गेलेल्या वर्गाने थांबायचं, मागे राहिलेल्याने धावायचं नाही. हा एक नियम दोन्ही शिक्षकांनी पाळला तर बाकी सगळं सांभाळून घेता येतं.

पत्रांचं काम बघणाऱ्या बाई

पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. ३० मुलांचे १५ रुपये. छोट्या टपाल कार्यालयात एकदम ३० कार्डं नसतात, आठ दिवस आधी सांगून ठेवा.

पत्र पोचायला आठवडा धरून चाला. म्हणून 'आज काय झालं' लिहिण्यात अर्थ नाही, तोवर तिकडे गोष्ट पुढे गेलेली असते. शिळी न होणारी वाक्यं तीनच प्रकारची: मला न कळलेली गोष्ट, मी असतो तर काय केलं असतं, आणि तुमच्याकडे हे कसं असतं. 'श्यामचे पोहणे' नंतर कोकणातल्या मुलांना हमखास विचारलं जातं, 'तुमच्या गावात पोहायला कोण शिकवतं, आणि पाठीला काय बांधतात?' असं पत्र आलं की उत्तर लिहायला मुलं पोस्टमनच्या मागे लागतात.

कच्चं वहीत, पक्कं कार्डावर. कार्डावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त मावत नाही हे आधी पट्टीने आखून दाखवा, नाहीतर शेवटची ओळ पत्त्याच्या जागेत शिरते. पत्ता शाळेचाच, घरचा कधीही नाही, आणि मुलाचं पहिलं नाव पुरे. पिनकोडचे सहा आकडे चौकटीत एकेक. पहिला ४ महाराष्ट्राचाही आणि गोव्याचाही, पण गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात. हे मुलांना शोधायला लावा, नकाशा आपोआप बाहेर येतो.

कार्डं सुटी टाकली तर दोन-तीन मागेपुढे होतात आणि ज्याचं पत्र आलं नाही ते मूल दिवसभर गप्प असतं. पहिल्या फेरीची सगळी कार्डं एका पाकिटात घालून स्पीड पोस्टने पाठवा. दुसरीपासून सुटी. आणि आपल्याकडे चार कार्डं जास्तीची लिहून ठेवा, जोडीच्या वर्गात मध्येच नवं मूल दाखल झालं तर.

चौथी, गोव्यातली मराठी प्राथमिक शाळा

व्हिडिओ कॉलबद्दल. दोन वर्ग समोरासमोर आले की पहिली पाच मिनिटं दोन्हीकडून हात हलवणं आणि आरडाओरडा. ते होऊ द्या, वेळापत्रकातच धरा. त्यानंतर प्रत्येक बाजूचे चार प्रश्न, विचारणारं मूल फोनजवळ उभं राहील, बाकी बसलेली. एकूण २० मिनिटं, त्याहून लांबवलं की पुढची रांगच बोलते आणि मागची खेळते.

आवाज घुमतो तो बहुधा दोन फोन एकाच खोलीत चालू असल्यामुळे. एकच फोन जोडा, स्पीकर फोनपासून चार-पाच हात लांब ठेवा, आणि आपली पाळी नसताना माइक बंद. पंखेही बंद. आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खोलीत जोडून बघा. सकाळी चालणारं नेटवर्क दुपारी चालेलच असं नाही.

नेटवर्क कच्चं असेल तर व्हॉइस नोटच बरी. एका गटाने एक मिनिट बोलायचं, व्हॉट्सॲपवर ती अर्ध्या एमबीतही मावते. चेहरा नसल्यामुळे मुलं शब्दांकडे लक्ष देतात, आणि बोलीतला फरक कानाला लगेच लागतो. त्याच नोटा तीनदा लावायला सांगतात. फोटो आणि आवाज पाठवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्याच.

शनिवार-रविवारची मराठी शाळा, कॅलिफोर्निया

आमचा वर्ग आठवड्यातून एकदाच भरतो, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) अभ्यासक्रमाच्या इथल्या बहुतेक शाळांचं असंच. रोजचं वाचन शक्य नाही. म्हणून जोडीच्या शाळेतल्या बाई रोजचा भाग ध्वनिमुद्रित करून पाठवतात, मुलं रात्री झोपताना ऐकतात आणि भेटीच्या दिवशी फक्त बोलणं होतं.

वेळ अशी जुळते: इथली शुक्रवार रात्री ८ म्हणजे भारतात शनिवार सकाळचे ८:३०, सकाळची शाळा भरलेली असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि तेच ९:३० होतात. एकदा तरी हे विसरून एक वर्ग तासभर वाट बघतो, तेव्हा निरोपात दोन्हीकडच्या वेळा लिहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शाळांना रात्री ९ गाठावे लागतात, भारतात तेव्हा हिवाळ्यात ७:३०.

प्रश्नाला उत्तर : रेकॉर्डिंग आणि हक्क

वाचलेलं रेकॉर्ड करून वाटलं तर चालतं का, असा प्रश्न आला आहे. वर्गात मुलांसमोर वाचण्यात अडचण नाही. रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर चढवणं वेगळं. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. 'तोत्तोचान'चं तसं नाही. ते रेकॉर्ड करून वाटायचं असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या.

द्विशिक्षकी शाळा

पहिली ते चौथी एकत्र बसवून वाचायचं झालं तर वेळ दुपारच्या जेवणानंतरची, १५ मिनिटं. पहिली-दुसरीच्या हातात कोरा कागद आणि खडू द्या, ऐकता ऐकता चित्र काढू द्या. चित्रात गोष्ट नसली तरी हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यात गाय येते.

चौथीच्या बाई, दापोलीकडच्या

शेवटाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून पुन्हा आले. 'श्यामची आई'त आई जाते. 'तोत्तोचान'मध्ये मित्र जातो. वर्गात आई गमावलेलं मूल आहे का, हे पुस्तक निवडायच्या आधी दोन्ही शिक्षकांनी बघायचं. असेल तर घरच्यांशी बोलून घ्या, आणि त्या मुलालाही एकट्याला आधी सांगा की गोष्टीत पुढे असं आहे. त्याला नको असेल तर दुसरं पुस्तक घ्या. जातिभेदाचे उल्लेख येतात, तेही आधी वाचून ठेवा आणि घाईने ओलांडू नका. तिथे पुस्तक मिटून बोला.

पुस्तकातल्या शेवटच्या 'रात्री', म्हणजे शेवटची प्रकरणं, शुक्रवारी, शनिवारी किंवा शेवटच्या तासिकेला वाचू नका. मंगळवार-बुधवार, मधल्या सुट्टीच्या आधी, दोन्हीकडे त्याच दिवशी. वाचून झालं की दहा मिनिटं मोकळी ठेवा, काही सांगू नका, विचारू नका. रडणारी मुलं रडतात. त्या दिवशी कॉल नको. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने जोडीदाराला एक पत्र लिहायचं, कार्डावर नाही, कागदावर, आणि त्याला ओळींची मर्यादा नाही.